काचेच्या पेटीतली मालिश

"पाहून ये. पण जीव नको लावू."

ताईची सासू मले हे म्हणाली. तिले आम्ही आत्या म्हणतो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात, नुकत्याच झालेल्या बाळांच्या वॉर्डाबाहेर बाकावर ती शाल गुंडाळून बसली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ताईचे कपडे. मी अल्लीपूरहून धावतपळत आलती, अर्धा रस्ता बसमध्ये उभी, आणि मले आधी ताईलेच भेटायचं होतं. पण ताई वरच्या मजल्यावर, सिझर झालेलं, बीपीचं औषध सलाईनमधून चालू, कोणाले भेटू देत नव्हते. म्हणून मग आधी लेकरू.

झालं असं होतं का ताई वडनेरच्या शेतात कापूस वेचाले गेलती. सातवा महिना चालू होता. पौषाची थंडी, वेचणीचे दिवस, अशा दिवसांत घरी बसून राहणं आमच्याकडं कोणाले जमत नाई आणि ताईले तर नाईच नाई. दुपारी तिचं डोकं दुखाले लागलं, डोळ्यांपुढं चमकाले लागलं. हिंगणघाटच्या दवाखान्यात बीपी पायलं आणि सरळ गाडीत टाकून वर्ध्याले पाठवलं. इथले डाक्टर म्हणे, आता थांबलो तर दोघंही हातचे जातीन. त्याच दिवशी काढलं त्याले.

मी आत गेली. म्हणजे आधी चपला काढा, घड्याळ काढा, बांगड्या-अंगठी काढा, कोपरापर्यंत हात धुवा, निळा झगा घाला, मग आत. आत चक्क उन्हाळा होता. बाहेर स्वेटर घालून कुडकुडत होती आणि आत घाम फुटला. ओळीनं काचेच्या पेट्या मांडलेल्या. आमचा कोपऱ्यातल्या पेटीत.

मले वाटलं होतं बाळ म्हणजे बाळच असीन, थोडं लहान. तसा नव्हता तो. पाठीवर आणि खांद्यांवर बारीक लव, कान डोक्याले चिकटलेले, कातडी इतकी पातळ का पोटावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. तोंडातून एक नळी पोटात गेलती, दुधाची. पाऊल माझ्या बोटाएवढं. त्याची छाती खालीवर होऊन राह्यली, मध्येच थांबते, पुन्हा होते, आणि ते पाहत पाहत मीही श्वास धरून उभी. मागून सिस्टर म्हणे, "तू घे ना श्वास. तुयं काय जाते?"

जीव नको लावू म्हणे आत्या. मी बाहेर येईपर्यंत लागूनही गेला होता.

आत्या असं काऊन म्हणत होती ते सांगाव लागीन, नाईतर ती वाचणाऱ्याले वाईट वाटीन. ताईचं हे दुसरं. पहिली पोरगी होती, तीही अशीच दिवस भराच्या आधी झालती. ताईनं तिले मांडीवरून खाली ठेवलंच नाई, आणि ती गेली तेही मांडीवरच. त्यानंतर दूध आलं. पिणारं कोणी नाई आणि दूध थांबत नाई. आत्यानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ताईची छाती आवळून बांधली. रोज सोडायची, रोज पुन्हा बांधायची, आणि ताई भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडं गेलती, हे मी डोळ्यांनी पायलं आहे. तेव्हापासून त्या पोरीचं नाव निघालं नाई. नाव ठेवलंच नव्हतं, निघणार कुठून.

आमच्याकडं पाचवी, सटवाई असलं काही करत नाई. आजोबांच्या पिढीतच ते सगळं सुटलं, घरी बुद्धवंदना होते. पण भीती काही सुटली नाई. या खेपेले आत्यानं ठरवून टाकलं का डाक्टर स्वतःच्या तोंडानं घरी न्या म्हणत नाई तोवर नाव नाई, नवीन कपडे नाई, फोटो नाई, आणि ताईनं हात लावायचा नाई. ताईनं मान हलवून हाव म्हटलं. ताई कोणाच्या बापाचं ऐकत नाई, हे मात्र ऐकलं.

चालाले लागली तशी ताई खाली येऊन बाकावर बसाले लागली. आत्याच्या बाजूले, दाराकडं पाठ करून. दवाखान्यातून उकळून दिलेल्या स्टीलच्या वाटीत पदराखाली हातानं दूध काढायची आणि वाटी माझ्याकडं द्यायची.

"ने."

"तू चाल ना वं."

"ने म्हटलं ना. थंड होते."

भाऊजी हिंगणघाटले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले. तिथंही हाच सीझन, त्यामुळं रविवारीच यायचे. काचेतून पाहायचे, खिशात हात घालून उभे राहायचे, आणि संत्र्यांची पिशवी ठेवून जायचे. 

आत मात्र गाडी अडली होती. त्याले दूध पचतच नव्हतं. सिस्टर नळीनं थोडंसं दूध द्यायची, पुढच्या वेळेच्या आधी सिरिंजनं ओढून पाहायची का पोटात काय राह्यलं, तर दिलेलं जसंच्या तसं. पोट टम्म फुगलेलं. मग एका वेळचं दूध बंद, मग पुन्हा थोडंसं, मग पुन्हा बंद. ताईनं काढलेलं वाटीतच राहायचं. डाक्टर म्हणे, आजार दिसत नाई, पोट कच्चं आहे, वेळ लागीन. पण वजन खाली चाललं होतं. काट्यावर ठेवताना सिस्टरचं तोंड पाहून मले समजायचं.

मग एक दिवस सिस्टर म्हणे, "आता त्याचं श्वासाचं बरं आहे. मालिश सुरू करू. डाक्टरनं लिहून देल्लं. आई कुठी आहे?"

ही सिस्टर पुलगावची, रोज रेल्वेनं ये-जा करणारी. बोलणं एकदम खडं.

"बाहेर बसली."

"बाहेर काऊन? बोलाव आत."

"येत नाई ती."

"येत नाई म्हणजे? नवस बोलली का?"

मी सांगतलं. पहिल्या पोरीचं, आत्याचं, सगळं. माझं सांगणं लांबलं, पण तिनं मध्ये तोडलं नाई. मग म्हणे, "ठीक आहे. मग तू ये. पण एकच जण, रोज तीच. सुया टोचणारे हात लय झाले त्याच्या अंगाले. एक तरी हात ओळखीचा पाह्यजे."

आता मालिश म्हटलं का मले आमच्या गावची मालिश आठवते. बाई पाय लांब करून बसते, लेकराले पायांवर आडवं टाकते, तेलानं चोपडून हातपाय असे ओढते का पाहणाऱ्यानं डोळे मिटावे. लेकरू किंचाळते आणि बाया म्हणतात, मोकळं होऊन राह्यलं बाई. ह्याले तसं केलं तर भुगा होईन. म्हणून मी ठरवलं का अगदी हलक्या हातानं करायचं. आणि माझा हलका हात म्हणजे कापूस वेचायचा हात. सुट्टीत मीही वेचाले जाते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या असतात, मधला कापूस बोटांच्या टोकांनी अल्लद काढाव लागते, कचरा येऊ द्यायचा नाई. तसंच केलं मी. खोबऱ्याचं तेल घेतलं, आणि बोटांच्या टोकांनी त्याच्या पाठीवरून अल्लद, जसा काही तो हवेनं उडून जाईन.

त्यानं दोन्ही हात एकदम फेकले. बोटं फाकली, तोंड वाकडं झालं, आवाज काहीच नाई. आणि मग श्वास घेणं सोडलं. श्वासावर लक्ष ठेवणारी मशीन वाजाले लागली. सिस्टर धावत आली, मले बाजूले सारलं, त्याच्या तळपायावर टिचकी मारली. काहीच नाई. पुन्हा मारली. मग छाती हलली.

मी झगा अंगावर असतानाच बाहेर पळाली. ताईनं माझं तोंड पायलं आणि उभी झाली. पोटाले टाके होते, तरी एका झटक्यात उभी झाली.

"गेला?"

"नाई! नाई वं, आहे. मी हात लावला तर श्वासच—"

ती बाकाले धरून हळूहळू खाली बसली.  मग म्हणे, "आपले हात नाई लावायचे त्याले. मी म्हणत होती ना."

आत्यानं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मी ठरवलं का आता जायचंच नाई आत. पण सिस्टर स्वतः दारात आली. "कुठी गेली ती मावशी? पळपुटी?" मी मान खाली घातली. "चाल आत. आज असं भिऊन गेली तर उद्या तू अन् तो दोघंही भिसान. चाल."

आत नेऊन तिनं माझी बाही वर केली. "कापूस वेचून राह्यली होती का तू त्याच्या अंगावर?" म्हणे. मी चाट. "मायंही बालपण वेचण्यातच गेलं, मले दिसत नाई का?" मग तिनं माझ्याच हातावर बोटांची टोकं फिरवली. मले शहारा आला, हात ओढून घेतला मी. "पाह्य. तुले सहन होत नाई, त्याले कसं होईन? त्याले वाटते अंगावर मुंग्या चढल्या." मग तिनं पूर्ण तळवा ठेवला, जरा दाबून, आणि सरकवला. "आता?"

"आता बरं वाटते."

"भाकर थापल्यावर परातीतून कशी उचलते? बोटांनी उचलशीन तर तुटीन. पूर्ण तळवा घालते ना खाली? तसा हात ठेव. आधी नुसता ठेव, हलवू नको. त्याले समजू दे का कोणी आलं."

मी हात गरम केले आणि ठेवला. त्याची सगळी पाठ माझ्या एका तळव्याखाली आली. आधी तो आखडला. मशीनकडं पाहू का त्याच्याकडं, मले समजेना. मग त्याचे खांदे खाली आले, अगदी जरासे. मी दाबलं. मानेपासून कमरेपर्यंत, मग पुन्हा मानेपासून. मग पाय, मग हात, मग उताणा करून गुडघे पोटाशी आणि सरळ, पोटाशी आणि सरळ. सिस्टर बाजूले उभी, मध्ये मध्ये म्हणायची, "दाब. आणखी. तेल नाई हललं पाह्यजे, कातडी हलली पाह्यजे. पाठीवर असा दाब भेटला का पोटाले हुकूम जाते, चाल बे, कामाले लाग." थोड्याच वेळात तिनं मले थांबवलं. जास्त केलं तर थकते म्हणे, थकला तर खाल्लेलं त्यातच जाते.

मले वाटलं दुसऱ्या दिवशी चमत्कार होईन. काही झालं नाई. तिसऱ्या दिवशीही नाई. मी रोज दुधाच्या दोन वेळांच्या मधात जायची, हात धुवायची, तळवे घासून गरम करायची, करायची, बाहेर यायची. मग एक दिवस सिस्टरनं सिरिंज ओढली तर काहीच आलं नाई. तिनं पुन्हा ओढली. नळी सरकली का पायलं. मग म्हणे, "खाल्लं बापा ह्यानं." त्या दिवशी त्यानं शीही केली. मी अशी आनंदली का बाजूच्या पेटीपाशी उभी बाई हसाले लागली. तिच्या पोरीले अजून श्वासाची मशीन लागलेली होती, आणि तरी ती हसली. ते मले नंतर लय वेळ आठवत राह्यलं.

दूध हळूहळू वाढत गेलं. तो नळीवरच ओठ मिटाले लागला. मग सिस्टरनं आणखी एक काम दिलं, नखं कापलेली करंगळी स्वच्छ धुवून त्याच्या गालावरून, ओठांवरून आणि हिरड्यांवरून फिरवायची, चोखाले शिकवायचं. पहिल्यांदा त्यानं जिभेनं ढकलून देल्ली. मग एकदा धरली. सोडून देल्ली. पण धरली.

हे सगळं मी बाकावर येऊन सांगायची. ताई जमिनीकडं पाहत बसायची. ऐकते का नाई, काही समजायचं नाई.

आणि इकडं वाटी भरणं बंद झालं. आधी काठोकाठ असायची, मग अर्धी, मग बूड झाकण्यापुरती. ताई दाबून दाबून काढायची, दुखायचं तिले, मग पदर सावरून तेवढीच माझ्याकडं सरकवायची. सिस्टरनं वाटी उजेडात धरून पायली.

"लेकरू अंगाशी नाई, डोळ्यांपुढं नाई, त्याचा वास नाई. शरीराले कसं समजीन का कोणी आहे प्यायले? तो आत्ता कुठं तोंड उघडाले शिकून राह्यला आणि इकडं आटून चाललं. तिले सांग. आता नाई आली तर मग आणाव कुठून?"

मी सांगतलं. चांगलं सांगता आलं नाई मले, सरळ तोंडावरच बोलली.

"ताई, दूध आटून राह्यलं तुयं."

"आटू दे. डब्याचं देतीन."

"आईचं दूध आत्ता कुठं पचाले लागलं त्याले! डब्याचं कसं—"

"मग तू पाह्य काय करायचं ते. तुले लय हौस आहे ना. रोज येते अन् सांगते, आज तोंड उघडलं, आज बोट धरलं. तूच घे त्याले. शिकलेली माय भेटीन."

"हाव, घेते! मलेच आई म्हणीन मग. तेव्हा रडजो."

"हळू बोला वं," आत्या म्हणे. "लोकं पाहून राह्यले."

ताईनं दोन्ही हात माझ्यापुढं केले. "हे पाह्य." बोटांची टोकं बोंडांनी फाटलेली, भेगांत काळं बसलेलं, नखांच्या बाजूची कातडी सोललेली. "त्याची कातडी कागदावाणी आहे म्हणते ना तू? अन् हे हात लावू? ह्याच हातात ती—"

तिनं हात पदराखाली घेतले.  त्या दिवशी मालिश करताना माझे हात गरमच होत नव्हते.

आत घाम, बाहेर गारठा, असं रोज करून करून मले सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी दाराशीच शिंक आली आणि सिस्टरनं हात आडवा केला.

"तिथंच थांब. आत नाई यायचं."

"दोन मास्क लावते ना."

"चार लाव. तुयी सर्दी म्हणजे त्याचा न्यूमोनिया. बरी होऊन ये."

"मग मालिश?"

"मले आज सगळ्या पेट्या एकटीनं पाहायच्या आहेत. राहीन मग मालिश." आणि दार लागलं.

आत्याले जुना खोकला, तिचा प्रश्नच नव्हता. भाऊजी कामावर. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाले बसली, नाक पुसत, आणि ठरवून काहीच बोलली नाई, कारण काल बोलून पायलंच होतं. ताई पदराचं टोक बोटाले गुंडाळायची आणि सोडायची. दाराकडं मात्र पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती दाराकडं तोंड करून बसली होती, हे मले जरा वेळानं ध्यानात आलं.

आत्याच्याही आलं असीन. कारण तिनं ताईचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि बांगड्या उतरवाले लागली. काचेच्या, हिरव्या, सातव्या महिन्यात भरलेल्या. ताईनं हात ओढला. बाळंतिणीचे हात रिकामे करणं आमच्याकडं कोणी करत नाई, आणि सासू तर नाईच नाई.

"काय करून राह्यली, आत्या?"

"बांगड्या घालून आत घेत नाई ते."

"नको."

"ती तुया हातानं नाई गेली," आत्या म्हणे. बांगड्या निघत नव्हत्या, हात सुजलेले होते, ती एक एक करून सरकवत होती, फुटू न देता. "मी म्हणली जीव नको लावू. लागला नसता तर रोज या बाकावर येऊन बसली असती का तू? जा. मी म्हणते, जा."

ताई गेली. मी काचेतून पाहत होती. निळ्या झग्यात तिची पाठ तेवढी दिसत होती. धुतलेले हात तिनं वर धरले होते आणि ते खालीच येत नव्हते. सिस्टर काहीतरी बोलत होती, आवाज बाहेर येत नव्हता. मग सिस्टरनं तिचा हात उलटा करून स्वतःच्या गालाले लावला, तळवा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वेचणाऱ्या बाईची बोटं फाटतात, तळव्याले काहीच होत नाई. कापूस तळव्यातच तर गोळा होते.

ताई पेटीच्या बाजूले सरकली तसे मले तिचे हात दिसाले लागले. तिनं डोक्यापासून सुरू नाई केलं. पायांपासून केलं, त्याचं तोंड जिकडं नव्हतं तिकडून. दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि नुसती धरून उभी राह्यली. मग हळूहळू वर. मशीन वाजली नाई. मी दारापाशी उभी राहून मशीन वाजायची वाट पाहत होती, माझी वाजली होती म्हणून, आणि ती वाजली नाई. सिस्टरनं त्याले उताणा केला. तेव्हा ताई खाली वाकली, इतकी का तिचं कपाळ काचेले टेकलं, आणि मले पुढचं काही दिसलं नाई.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. बाकावर बसली आणि म्हणे, "भूक लागली."

आत्यानं डबा उघडला. पोळ्या आणि वांग्याची भाजी, सगळं थंडगार. ताई खाले लागली तशी खातच राह्यली. खाता खाताच तिच्या ब्लाऊजवर ओल उमटली, आधी एकीकडं, मग दुसरीकडं. तिनं खाली पायलं. आत्यानंही पायलं. आत्यानं वाटी पुढं केली.

तोंडात घास असतानाच ताई मले म्हणे, "तू लय वर दाबत असशीन. त्याले कमरेपाशी बरं वाटते."

"तुले एका दिवसात समजलं?"

"हाव."

माझी सर्दी गेली. मी पुन्हा केस बांधून, नखं कापून, हात धुवाले उभी राह्यली. ताई मागून आली आणि म्हणे, "बस तू. मी जाते." खरं सांगते, मले राग आला. आनंद झाला, पण आधी राग आला. इतके दिवस त्याची पाठ माझ्या तळव्याएवढी होती, ती कधी वाढली ते मले समजणार नव्हतं आता. बाकावर आत्याच्या बाजूले बसली मी. आत्यानं संत्रं सोललं आणि अर्धं मले देल्लं.

पुढं सगळं सरळ झालं असंही नाई. एकदा पुन्हा पोट फुगलं, दूध बंद केलं, डाक्टर वाकून वाकून पाहत होते. मले वाटलं ताई आता उठून बाहेर येईन. ती आली नाई. पेटीपाशी उभीच राह्यली, सिस्टरनं स्टूल देल्लं तेव्हा बसली. पोट उतरलं. दूध पुन्हा सुरू झालं, मग नळी निघाली, मग वाटी-चमचा, आणि मग एक दिवस त्यानं अंगावर तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि झोपून गेला. पण दोनदा ओढलं.

मग त्या दोघांले आयांच्या खोलीत हलवलं. तिथं लेकरू दिवसभर छातीशी, कातडीले कातडी लावून ठेवतात, आणि भेटायच्या वेळेत घरचे आत जाऊ शकतात. डाक्टर म्हणे, असंच वजन वाढलं तर या आठवड्यात घरी न्या. आत्यानं ते दोनदा विचारून घेतलं.

त्या दुपारी घरच्या आम्ही तिघीच होतो. तो ताईच्या छातीवर पालथा, वर चादर, फक्त टोपी दिसत होती. ताई टोपीवर हात ठेवून म्हणे, "सुरुवातीले कसा दिसत होता हा?"

मी पाहतच राह्यली तिच्याकडं.

"मी नाई पायलं ना. फोटोही नाई. सांग."

मग मी सांगतलं. कान कसे चिकटलेले होते, पाठीवर लव कशी होती, रडायचा तर आवाज नाई, नुसतं तोंड वाकडं. मुठी कशा गळ्यापाशी धरायचा. ती मध्ये मध्ये विचारायची, डोळे उघडायचा का, कोणत्या कुशीवर टाकायचे, जांभई द्यायचा का. मी आठवून आठवून सांगतलं, आणि जे आठवत नव्हतं ते आठवत नाई म्हटलं. खोटं काही जोडलं नाई.

माझं संपलं. ताई बराच वेळ टोपीवरून अंगठा फिरवत होती.

"तिले केस लय होते," ती म्हणे.

तिले म्हणजे कोणाले, हे विचाराव लागलं नाई. आत्या डब्याचं झाकण लावत होती, तिचा हात तिथंच थांबला.

"काळेभोर. ओले असल्यावाणी."

खोलीत दुसरीकडं एक बाई लेकराशी बोलत होती, तेवढाच आवाज. आत्यानं झाकण बाजूले ठेवलं.

"कानापाशी कुरळे होते," आत्या म्हणे.

"हाव," ताई म्हणे. "कानापाशी."